अर्ध्या मिनिटाची झीज

बाईंनी पिशवीतून कॅसेट काढली आणि चित्राची बाजू खाली करून टेबलावर ठेवली.

डॉक्टरने ती उलटून पाहिली नाही. गरजच नव्हती. 'तळघरातली तिसरी बायको' या सिनेमाच्या अकरा कॅसेटी महिनाभर त्याच्या टेबलावर पडून होत्या, आणि प्रत्येकीच्या डब्यावर तीच ओल्या कपड्यांतली नायिका होती, तोच सुरा होता. बारा दिवसांत उरकलेला, भुतापेक्षा न्हाणीघरावर जास्त भिस्त ठेवणारा सिनेमा. मूळ रिळं कधीच कुजून गेली होती. आता एका कंपनीला त्याची डिस्क काढायची हौस आली होती. जुन्या फितींवर इलाज करतो म्हणून धंद्यात सगळे ज्याला डॉक्टर म्हणत, त्याच्या गळ्यात हे काम पडलं होतं.

"कॅसेटवाले म्हणाले, तुम्ही चांगली प्रत शोधताय," बाई म्हणाल्या. "ही भाड्याची नाही. आमच्या यांची. गेल्या वर्षी गेले ते. कपाट आवरताना स्वेटरांच्या खाली सापडली."

"तुम्ही पाहिलाय हा सिनेमा?"

"मी होते त्यात."

डॉक्टरने मान खाली घातली आणि उगाचच स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला. नायिका त्या एका सिनेमानंतर कुठे गडप झाली, कोणालाच पत्ता नव्हता. कंपनीने तिच्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. आणि ती इथे चष्मा लावून, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अशा वेळी माणसाच्या तोंडाकडे टक लावून पाहू नये, एवढी रीत त्याला ठाऊक होती.

"लग्नाआधीचं काम," बाई म्हणाल्या. "सासरी कळलं तेव्हा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. हे मात्र चकार शब्द बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतर तीस वर्षांतही नाही. तसे बोलणारे नव्हतेच. संध्याकाळी मी 'वाढू का' म्हणून विचारलं की नुसते हसायचे. तेवढाच काय तो आमचा संवाद."

"मग मी काय करू?"

"तुम्हाला म्हणे फितीवरून कळतं, कोणी कुठे थांबवून पाहिलंय ते. दुपारी मी शिवणवर्गाला जायचे, हे एकटेच असायचे घरी. त्यांनी हा कधी पाहिला का, एवढंच सांगा. जे असेल ते. खोटं नको."

"खरं तेच सांगेन," डॉक्टर म्हणाला.

त्याला खरोखरच कळायचं. तोच तोच भाग मागे नेऊन, थांबवून पाहिला की फितीवरचा थर घासून निघतो आणि पडद्यावर पांढऱ्या मुंग्या धावायला लागतात. भाड्याच्या अकराही कॅसेटींवर न्हाणीघराच्या जागी त्या मुंग्यांचं वारूळ झालं होतं. गिऱ्हाइकं सिनेमा न्यायची ती तेवढ्यासाठीच.

बाई गेल्यावर त्याने कॅसेट लावली. न्हाणीघर आलं ते काल छापल्यासारखं लख्ख. डॉक्टर खूश झाला. कंपनीचं काम झालं आणि बाईंची काळजीही मिटली. नवरा भला माणूस निघाला.

मग एकेचाळिसाव्या मिनिटाला चित्र गेलं. आवाजही गेला. अर्धं मिनिट नुसत्या मुंग्या. इतकी झिजलेली फीत त्याने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. कोणीतरी वर्षानुवर्षं तेवढंच मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

तिथे आहे तरी काय, म्हणून त्याने भाड्याची एक कॅसेट लावली. काहीच नव्हतं. एक पोरगेली मोलकरीण तळघराच्या दाराशी येते, मालकाला दोन शब्द विचारते, मालक उत्तर देत नाही, ती निघून जाते. पुन्हा सिनेमाभर दिसत नाही. नायिका त्या प्रसंगात नाहीच.

डॉक्टरने कॅसेट बंद केली. स्वतःची बायको अख्खा सिनेमाभर समोर असताना हा गृहस्थ दुपारी दार लावून एका मोलकरणीला न्याहाळत बसायचा. बोलणारा नव्हता म्हणे. खाली मुंडी, पाताळ धुंडी. आणि हे त्या बाईंना सांगायचं कोणत्या तोंडाने?

फितीबद्दल तो आजवर कोणाशी खोटं बोलला नव्हता. दोन दिवस त्याने तळमळून काढले. तिसऱ्या दिवशी त्याने ब्लेडने तेवढा तुकडा कापला, दोन्ही टोकं बेमालूम जोडली आणि तुकड्याचे बारीक कपटे करून टोपलीत टाकले. आता दुसऱ्या कोणी तपासली असती तरी बाईंना कधी काही कळलं नसतं.

बाई आल्या तेव्हा त्याने कॅसेट पुसून त्यांच्यापुढे ठेवली.

"कोरी करकरीत आहे. एकदाही लावलेली नाही."

"एकदाही नाही?"

"शपथेवर सांगतो."

बाई कॅसेटकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. आपण पाप केलं असेल तरी ते चांगल्यासाठी केलं, असं डॉक्टरला वाटलं. तो त्यांना सोडायला दारापर्यंत गेला.

"मला आपलं उगाच वाटायचं," पिशवीची गाठ मारत बाई म्हणाल्या, "चोरून का होईना, पाहिला असेल. पण जाऊ द्या. पाहण्यासारखं तरी काय होतं माझं त्यात? हातात कंदील घेऊन यायचं, मालकांना 'वाढू का' म्हणून विचारायचं आणि जायचं."