पहिलीचा पट

आणीबाणीत सभापती चंपतरावांनी भर सभेत डोमाजी मास्तरांची बिनपाण्याने हजामत केली. “फुकटचा पगार खाऊन राहिला! नसबंदीच्या बारा केसेस आण, नाही तं देवलापारच्या जंगलात बदली.”

मास्तरांचं गाव कोराडीजवळचं, वीस घरांचं. त्यांनी पाया पडून अकरा तरणे गडी राजी केले. बारावा काही केल्या मिळेना, तेव्हा स्वतःच जाऊन टेबलावर निजले. लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते.

सहा वर्षांनी पहिलीच्या पटावर एकही नाव चढलं नाही, आणि चंपतरावांची जीप शाळेपुढे येऊन थांबली. खाली न उतरताच ते खेकसले,

“गावात पोट्टे भेटत नाही, तं घरचं एखादं बसव ना गा, मास्तर!”