नव्या वाळूतला खड्डा

मन्मथने खडक फोडायचा ब्रेकर पुन्हा चालवून पाहिला, पण बोटभरही खड्डा पडला नाही. भूकंपानंतर सगळ्या गावाखाली ही नवी वाळू भरली आणि घरं पडायची थांबली. वरून दाब आला की ती बाजूला पसरायची नाही, उलट चहूबाजूंनी आत सरकून दगडासारखी घट्ट व्हायची.

आईला शेजारी खुर्चीत बसतं ठेवलं होतं. कपाळावर विभूती, तळहातावर इष्टलिंग. नव्या वाळूतलं हे पहिलंच दफन होतं.

"दहन करून टाकू," धाकटा भाऊ म्हणाला.

"आपल्या लिंगायतांत जाळत नाहीत," म्हणत मन्मथने पहार उचलली.

बहीण महानंदा खाली बसली. कणगीतून ज्वारी काढावी तशी ती हलक्या हाताने वाळू ओंजळीत घेऊन बाजूला टाकू लागली. वाळू सहज निघत गेली. संध्याकाळपर्यंत आई मावेल एवढा खड्डा झाला. रडलं कोणीच नाही.

वाळू परत लोटल्यावर भावांनी वर पाय दिले आणि जमीन पुन्हा दगड झाली.

वडील पुढे आले.

"महानंदा," ते म्हणाले, "सासरी जायच्या आधी शेजारी माझाही खड्डा काढून ठेव. हे दोघं जोर लावतील."