अभिनयात नापास

रंगूबाईंनी तंबाखूची पिंक खिडकीतून बाहेर टाकली, हाताने तोंड पुसलं आणि त्याच ओल्या हाताने भाग्यश्रीची हनुवटी वर केली. पहिल्या रांगेत बसलेल्या प्रतिभाताईंना शिसारी आली. भाग्यश्री त्यांची विद्यार्थिनी. चौदा वर्षांची, त्यातली सात वर्षं त्यांच्याकडे कथक शिकलेली. आणि तिच्या तोंडाला हात लावतंय कोण, तर जन्मभर तमाशाच्या फडात नाचलेली म्हातारी.

शिबिर नृत्यशिक्षकांसाठी होतं. इंदिरानगरातल्या मंगल कार्यालयात, ऐन मे महिन्यात, दोन लग्नांच्या मधल्या मोकळ्या दिवशी. अभिनय शिकवायला रंगूबाई, आणि नाचून दाखवायला ताईंनी सोबत आणलेली भाग्यश्री. कालच्या पंगतीतला जिलेबीचा पाक फरशीवर तसाच होता, अनवाणी पाय उचलला की चिकट आवाज यायचा. पत्रकावर छापलं होतं, 'शिक्षकांच्या कलेला नवी उमेद.' कसली उमेद आणि कसलं काय. बावीस बाया आणि दोन बुवा सकाळपासून एकमेकांचे कपडे बघत बसले होते, आणि प्रमाणपत्र जेवणाआधी मिळणार की नंतर, एवढीच चौकशी चालली होती. चहाच्या कपाला आधीच्या माणसाची साय चिकटलेली. ताईंनी तो तसाच खुर्चीखाली सरकवला.

एरवी त्या अशा ठिकाणी फिरकल्याही नसत्या. पण नाशिक रोडच्या त्यांच्या क्लासमधल्या मुली तीन वर्षं ओळीने अभिनयात नापास होत होत्या. पाय चोख, चकरा चोख, तालात बिनचूक, आणि परीक्षकांचा शेरा दरवर्षी तोच: चेहरा त्रासिक. कंटाळून आयांनी पोरी काढून नेल्या. विसातल्या नऊ उरल्या. यंदाही तसंच झालं तर अठरा वर्षांचा क्लास बंद करायचा, असं ताईंनी ठरवून टाकलं होतं. पुढे काय करायचं ते मात्र ठरत नव्हतं, कारण दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

रंगूबाईंनी आधी स्वतः करून दाखवलं. त्या चिकट फरशीवरच मांडी घातली, हवेतलं लोणी बोटावर घेतलं आणि समोर नसलेल्या लेकराला भरवलं. पुढे बसलेल्या दोघीतिघींची तोंडं आपोआप उघडली. ताईंना मात्र म्हातारीचे काळे दातच तेवढे दिसले.

"आता तू कर गं पोरी," रंगूबाई म्हणाल्या. "यशोदा हाय तू. लेकराला लोणी भरव."

भाग्यश्री नाचली. तिने ताक घुसळलं, लोणी काढलं, लेकराला जवळ ओढलं. हात तर इतके सुरेख की बघत राहावं. पण नाक वर चढलेलं, वरचा ओठ एका बाजूला ओढलेला, एक भुवई ताणलेली. लेकराला लोणी भरवतेय की तुंबलेली मोरी साफ करतेय, काही कळेना. मागे कुणीतरी खुसकन हसलं.

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. पोरीची लाज वाटली आणि स्वतःची त्याहून जास्त.

"चेहरा, भाग्यश्री, चेहरा," त्या जागेवरूनच कडाडल्या. मग रंगूबाईंकडे वळल्या. "बघितलंत? सात वर्षं घसा फोडतेय मी. नऊच्या नऊ जणी अशाच. एकीला मेलीला धड हसता येत नाही. आडातच नसेल तर मी कुठून आणू भाव?"

भाग्यश्री मान खाली घालून उभी राहिली. रंगूबाई ताईंच्या तोंडाकडे बघत होत्या, बराच वेळ, टक लावून. हे असलं बघणंही ताईंना खपलं नाही. त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला.

म्हातारीने एक खुर्ची ओढून मधोमध ठेवली. "ऱ्हाऊ दे नाचायचं. बस हितं. आता तू बाई, आन् ह्या समद्या तुझ्या पोरी. शिकव त्यास्नी."

"मी?"

"तूच की. लय सोपं हाय. तुझ्या क्लासात शिकिवत्यात तसं शिकव."

भाग्यश्री बिचकत बसली. पण बसल्यावर तिचं अंग बदललं. पाठ ताठ झाली. खुर्चीच्या हातावर तिने बोटांनी ताल धरला. "एक, दोन, तीन, चार. मान सरळ. लोणी घ्या, लेकराला जवळ घ्या," ती म्हणाली, आणि तिचं नाक वर चढलं, ओठ ओढला गेला, भुवई ताणली. मघाचाच चेहरा, अगदी तसाच. "चेहरा, मुलींनो, चेहरा."

मग एकेकीने मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिलं, ताईंच्या नाकाकडे, ओठाकडे, आणि हसण्याचा असा काही कल्लोळ उठला की बाहेरचा वॉचमन आत डोकावला.

ताई उठल्या. एवढा अपमान त्यांचा अठरा वर्षांत कुणी केला नव्हता.

"नक्कल करतेस माझी? चारचौघांत?"

भाग्यश्री दचकून खुर्चीवरून उठली. तिला ते हसणं कशाचं तेच कळलं नव्हतं. डोळे भरून आले.

"नक्कल नाही हो ताई, आईशप्पथ. आम्ही सगळ्याजणी नाचताना तुमच्याकडेच बघतो ना. मी तर रोज घरी आरशासमोर तुमच्यासारखा चेहरा करून बघते. तुमच्याइतका छान अजून जमत नाही, म्हणूनच मार्क जातात."