पर्याय क
"मंगोलियाची राजधानी?" टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचं चित्रीकरण चाललं होतं. सूत्रसंचालक तिसरा पर्याय वाचतो न वाचतो तोच प्रेक्षकांत बसलेली आई खोकली. "क, उलानबातर," मुलगी म्हणाली. उत्तर बरोबर होतं, पण निर्मात्यानं कॅमेरे थांबवले. मागच्या पर्वात खोकून उत्तरं सुचवणारे सापडले होते. "बाई, खूण केलीत. मुलगी बाद." "अहो, मला आमची गल्ली सोडून काय ठाऊक!" "मग खोकला नेमका तेव्हाच कसा आला?" "आईला धुळीचा त्रास आहे." मुलगी रडकुंडीला आली. "सगळ्यांनाच असतो." आई उठली. तोंडावर दाबलेला रुमाल तिनं त्याच्यापुढे उलगडला. रक्त ओलं होतं. "उत्तर ग्राह्य धरा," निर्माता पुटपुटला. "आई, हे कधीपासून?" सकाळपासून एकाही प्रश्नाला न अडलेल्या मुलीनं विचारलं. आईनं रुमालाची घडी घातली. "साहेब," ती म्हणाली, "पुढचा प्रश्न विचारा ना."