दीपिकाची रिंग

धाकटी जाऊ दीपिका परभणीहून भरतकामाची नवी लाकडी रिंग घेऊन आली आणि राजेश्रीच्या पोटात दुखायला लागलं. त्या रिंगमध्ये कापड ढोलकीसारखं ताणून बसायचं. सुई शिरली की ‘टक्’ असा आवाज यायचा. राजेश्रीच्या जुन्या, ढिल्या रिंगमधून तो कधी आलाच नव्हता.

त्यात सासूबाईंनी बैठकीतल्या खिळ्यावरून राजेश्रीनं भरलेला मोर उतरवला. “हितं आता दीपिकाचा राघू लावू. लय झाक भरायलीय पोरगी.”

राघू अर्धा व्हायच्या आतच दीपिका नागपंचमीला माहेरी निघाली. जाताना तिनं कापड रिंगमधून सोडवून ठेवलं. “पंचमीला सुई धरत न्हाईत, अक्का. आन् काम थांबलं की रिंग सोडावी, न्हाईतर कापडाला वळ पडतो. धुतलं तरी जात न्हाई.”

तिची पाठ फिरताच राजेश्रीनं राघू पुन्हा रिंगमध्ये घातला आणि पकडीनं स्क्रू आवळला. पडू दे वळ!

पंचमीच्या सकाळी वळ कितपत बसला ते बघायला तिनं रिंग काढली. कापडावर साधी चुणीसुद्धा नव्हती. चिडून तिनं मोकळी रिंग खिळ्याला अडकवली.

“राजेश्री, तोंडाला काय झालं गं?” सासूबाई दारातच थबकल्या. “कपाळापासून हनुवटीपर्यंत गोल वळ उठलाय.”

राजेश्रीनं गाल चाचपला. कातडी ताठ लागली, ढोलकीसारखी.

टक्.

“आज सणाची सुई कुणी धरली?” सासूबाईंनी विचारलं.

राजेश्रीनं पुन्हा गालाला हात लावला. तिच्या गालातून हिरवा दोरा सावकाश ओढला जात होता.