तिसरी तबकडी

लिनेटने सुई ठेवली आणि तिच्या आवाजाऐवजी ब्रास बँडवर चर्चमधलं भजन वाजू लागलं. तिने दुसऱ्या खोक्यातली तबकडी लावली, मग तिसऱ्यातली. सगळीकडे तेच. वेष्टनांवर फोटो मात्र तिचाच होता. ती वेष्टनं तिने आणि एडनाने याच स्वयंपाकघरात बसून चिकटवली होती.

एडनाच्या नवऱ्याने, विल्फ ऑर्मरॉडने, बर्नलीच्या मिलमध्ये तीस वर्षं माग चालवले. त्या खडखडाटात बायका नुसते ओठ हलवून सासवांच्या चहाड्या सांगत आणि बघणाऱ्याला त्या ओठांवरून कळत. मिल बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्याने ही रेकॉर्ड कंपनी काढली. लोक म्हणाले, म्हातारचळ लागला. पहिल्या दोन तबकड्या पलंगाखाली धूळ खात पडल्या. तिसरीवर सगळी मदार होती. रेडिओवाले वाजवतो म्हणाले होते आणि त्या भरवशावर लिनेटने बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती.

विल्फने तिला एका पबमध्ये गाताना हेरलं. सगळे पिण्यात दंग असताना हा एकटा पुढ्यात बसून तिच्याकडे बघत होता. नंतर म्हणाला, “माइक जरा खाली धर पोरी, शब्द कळत नाहीत.” मग तिच्याच दोन ओळी त्याने तिला म्हणून दाखवल्या. तिच्या शब्दांची चौकशी तोवर कुणी केली नव्हती. ती तिथेच विरघळली.

विल्फ घरात शिरला तेव्हा भजन चालूच होतं. लिनेट आणि एडनाचे चेहरे बघून त्याने विचारलं, “काय झालं?”

लिनेटच्या अंगाचा तिळपापड झाला. “थट्टा करताय? तबकड्या छापणाऱ्या कारखान्याने आधी नमुना पाठवला होता ना? तो पास कुणी केला?”

“मी.”

“ऐकलात?”

विल्फने एडनाकडे पाहिलं. “तीनदा लावला,” तो म्हणाला.

“मग आता फोन करा त्यांना.”

“फोन एडना करेल.”

“सगळं एडनाच करणार. तुम्ही नुसते मिरवा.”

एडना मध्ये पडली. त्या आठवड्यात ती आजारी बहिणीकडे प्रेस्टनला गेली होती, चूक तिचीच, ती घरी असती तर हे झालं नसतं, असं ती सांगत राहिली. लिनेटला त्याचा अर्थ लागला नाही. ती दार आपटून गेली.

कारखान्याने हात वर केले. नमुना तुम्हीच मंजूर केलात म्हणाले. रेडिओवर तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. कंपनी बुडाली.

शनिवारी लिनेट कळवल्याप्रमाणे परत आली. बिस्किटवाल्यांनी तिला पुन्हा घेतलं नव्हतं, म्हणून ती मावशीकडे कॉव्हेंट्रीला निघाली होती. एडना परसात कपडे वाळत घालत होती. विल्फ दाराकडे पाठ करून खोकी बांधत होता. शेजारी शेगडीवर किटली होती.

“विल्फ, मी निघाले,” ती दारातूनच म्हणाली. “त्या दिवशी फार बोलले. माझे शब्द मनावर घेणारे तुम्ही एकटेच. यापुढे मी गाणार नाही, पण राग ठेवून जायचं नाहीये. नुसतं ‘ये’ म्हणा.”

विल्फने गाठ मारली आणि पुढचं खोकं ओढलं. ती थांबली. किटली शिट्टी मारू लागली तरी तो हलला नाही.

“बरं,” ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

शिट्टी ऐकून एडना परसातून धावत आली. तिने किटली उतरवली आणि विल्फच्या खांद्याला हात लावला. तो दचकून वळला.

“लिनेट आली की मला असाच हात लाव,” तो म्हणाला. “आज तिला खरं सांगून टाकतो.”