पायाखालची उशी

शेजारच्या लुवेनियाआजीचा नवरा होझिया जाऊन तीस वर्षं झाली. आज दुपारी उत्तरेकडचा एक गोरा पोरगा मिसिसिपीतलं आमचं गाव हुडकत आला, होझियाच्या गाण्याची एकुलती एक रेकॉर्ड घेऊन. आजीच्या ओसरीवर त्यानं ती सोबत आणलेल्या यंत्रावर लावली. आजीनं ती जन्मात पहिल्यांदाच ऐकली.

"हा आमचा होझिया नव्हे."

"आजी, वर नाव छापलंय की!" पोरगा म्हणाला.

"नाव घेऊन काय चाटायचंय? पाय आपटल्याशिवाय एक ओळ गायचा नाही तो. अख्खं घर हलायचं."

पोरगा ओशाळला. "तेव्हा रेकॉर्डिंगवाले गाणाऱ्याच्या पायाखाली उशी ठेवायचे. ठोका ऐकू येऊ नये म्हणून."

आजी उठली, होझियाच्या खुर्चीत जाऊन बसली आणि त्याच्या टाचेनं खळगा पडलेल्या फळीवर तिनं आपला पाय ठेवला.

"आता लाव."

पोरगा यंत्र घेऊन केव्हाच गेला. शेजारून ठोका अजून येतोय.